बंद घराची नोटीस

चिंधीच्या दारावर तिचाच फोटो होता. हातात किल्ली, तोंडभर हसू आणि खाली ठळक अक्षरांत ‘आमचं घर, आमचा वाटा’. दोन वर्षांपूर्वी हे घर देणाऱ्या संस्थेनेच चिकटवलेला. आता घर काढून घेण्याची नोटीस लावली तीही संस्थेनेच, आणि अख्ख्या दारावर जागा कुठली मिळाली, तर नेमकं फोटोतलं तोंड! वर घरच्यांचं कुलूप तोडून लावलेलं संस्थेचं नवं कुलूप. शेजारच्या दिपाने हे फोनवर सांगितलं तेव्हा चिंधी कर्जतच्या बाजूला वीटभट्टीवर होती. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“वाच की काय लिवलंय ते!”

दिपा चौथी शिकलेली. अक्षर लावत लावत तिने वाचलं. घर सलग एकशेवीस दिवस बंद आढळलं. पंधरा दिवसांत खुलासा झाला नाही तर वाटा रद्द आणि घर यादीतल्या पुढच्या कुटुंबाला.

“तुला एकटीला नाय,” दिपा म्हणाली. “बारा घरांना लावलीय.”

बंद नाहीतर काय असणार? दिवाळी झाली की कातकऱ्यांची निम्मी वस्ती भट्टीवर जाते ती पावसाच्या तोंडावर परत येते. आजचं आहे का हे? आणि भट्टीवर एकट्यादुकट्याला कोणी विचारत नाही, तिथे जोडी लागते. एकाने चिखल करायचा, दुसऱ्याने साच्यात विटा पाडायच्या. म्हणून काळू आणि चिंधी, नवराबायको दोघेही गेले, आणि जाताना शहाण्या माणसासारखं घराला कुलूप लावून गेले. कुलूप लावणं हाच गुन्हा ठरेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

नियम लिहिला होता संस्थेच्या रुचिराबाईंनी. बाई काही दुष्ट नव्हत्या. गरिबाला परवडेल असं घर मिळावं म्हणून दहा वर्षं त्यांनी सरकारदरबारी चपला झिजवल्या होत्या. त्यांची पद्धत अशी, की जमीन कायम संस्थेची, घरात अर्धा वाटा राहणाऱ्याचा, आणि विकायचं झालं तर संस्थेलाच, ठरलेल्या भावात. विमानतळाच्या नादाने पनवेलात लोक फ्लॅट घेऊन नुसते बंद करून ठेवायला लागले होते, भाव चढायची वाट बघत. तसला कुणी या घरांत घुसू नये म्हणून हा एकशेवीस दिवसांचा नियम. सूट फक्त एकाला, नोकरीत बदली झालेल्याला, तीही मालकाचं पत्र आणलं तर. हाच नियम देशभराच्या धोरणात जावा म्हणून बाईंनी दिल्लीच्या समितीतल्या विश्वजीत सरांना पनवेलला बोलावलं होतं. आणि मंचावर बोलायला कोण? फोटोतली बाई, म्हणजे चिंधी! नोटीस काढणाऱ्याला फोटो दिसला नव्हता, आणि आमंत्रण पाठवणाऱ्याला नोटीस.

संस्थेची गाडी भट्टीवर आली. चिंधीने हात धुतले, स्वतः पाडलेली एक पक्की वीट पिशवीत टाकली आणि काळूला घेऊन गाडीत बसली.

हॉलच्या मागच्या खोलीत रुचिराबाई पुस्तिका लावत होत्या. “या, या, चिंधीताई! दोनच मिनिटं बोला. घर मिळाल्यावर काय वाटलं, एवढंच.”

“नोटीस मिळाल्यावर काय वाटलं ते सांगू?”

बाईंचं हसू विरलं. “ते ऑफिसचं काम आहे. कार्यक्रम झाला की बघू.”

“आदी बघा.”

“घर साडेचार महिने बंद होतं. खरं की खोटं?”

“खरं.”

“मग?”

“मग काय? घरात बसून भिंती खाऊ? भट्टीवर हुतो आमी.”

“मग भट्टीमालकाचं पत्र आणा. मी नियमात बसवते.”

काळू एवढा वेळ कोपऱ्यात उभा होता, तो हसलाच. “मालकाच्या कागदावर आमी हायच नाय, बाई. कोन तपासाय आला का आमाला रानात पिटाळतो तो. आनि तो पत्र देनार?”

चिंधीने पिशवीतली वीट काढून पुस्तिकांच्या गठ्ठ्यावर ठेवली. विटेवर भट्टीची ‘के. डी.’ अशी अक्षरं उठलेली होती. “ह्यो माजा कागद. तुमच्या नव्या चाळीस घरांना ह्याच विटा येतात. माजं घर बंद हुतं तवा मी तुमच्याच घरांच्या विटा पाडत हुते.”

रुचिराबाई विटेकडे बघत राहिल्या. क्षणभर वाटलं, बाईंना कळलं. पण बाहेर माईकवर कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ करायला लागलं आणि बाईंचा पारा चढला.

“उद्या फ्लॅटवाला येऊन हेच सांगेल, मी कामासाठी बाहेर होतो म्हणून! एकाला सोडलं की नियम मेला. आणि नियम मेला की दिल्लीत मला कोण विचारतंय? दहा वर्षं घातलीत मी यात! उचल ती वीट. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण इथे तमाशा नकोय मला.”

‘ताई’ गेली, ‘तुम्ही’ही गेलं. चिंधीच्या डोक्यात तिडीक गेली. एवढंच होतं होय ते ताई-बाई! तिने वीट उचलली.

“चल रं,” ती काळूला म्हणाली.

न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत त्यांची रिक्षा तासभर अडकली. वस्तीवर पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. चार वाजता पाहुणे वस्ती बघायला येणार, म्हणून दिपा अंगण झाडत होती, तसा निरोपच होता. चिंधी तडक शेजारच्या नव्या बांधकामावर गेली आणि पहार घेऊन आली.

“अगं, पोलीस केस होईल!” काळू म्हणाला.

“होऊ दे की. सोताच्याच घरात घुसले म्हनून लिवतील ना?”

तिसऱ्या घावाला संस्थेचं कुलूप कडीसकट खाली आलं. काळू नोटीस फाडायला गेला, तर तिने त्याच्या हातावर फटका मारला. “ऱ्हाऊ दे ती.” मग ती नोटीस लागलेल्या पुढच्या दाराकडे वळली, मग त्याच्याही पुढच्या. एकेक करत बाराही कुलपं तिने पाडली. तिचे हात सोलवटून निघाले होते. वाऱ्याने दारं आपटायला लागली तशी तिने आपल्या दाराला पिशवीतली वीट लावली. बाकीच्या अकरांना काळूने बांधकामाच्या ढिगातून विटा आणून लावल्या.

बरोबर चारला गाड्या आल्या. रुचिराबाई उतरल्या आणि जागीच थबकल्या. उघडी दारं बघून त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं, मग लाल झालं. विश्वजीत सर मात्र खूश.

“वा! सगळी घरं उघडी! म्हणजे ही मंडळी बारा महिने इथेच राहतात?”

बाईंनी चिंधीकडे पाहिलं. “हो,” त्या म्हणाल्या. “नियमच आहे तसा.”

वा गं बाई! चिंधी आपल्या दाराला टेकून उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “सायब, आमाला वाचता येत नाय. बाई, दारावर काय लिवलंय तेवढं वाचून दाखवा.”

“चिंधीताई, ते आपण नंतर—”

“पंदरातले सहा दिस ग्येले. आताच वाचा.”

विश्वजीत सरांनी चष्मा लावला आणि दाराकडे मान वळवली. आता कुठे पळणार? बाईंनी वाचायला सुरुवात केली. सदर घर सलग एकशेवीस दिवस बंद आढळल्याने... सदर कुटुंबाचा वाटा रद्द... खाली गठ्ठ्यात केलेली स्वतःचीच सही.

सरांनी दाराशी लावलेली वीट बघितली. मग पलीकडचा नव्या घरांच्या विटांचा ढीग बघितला, त्यावरही तीच अक्षरं. “घर बंद का होतं?” त्यांनी विचारलं.

काळू तोंड उघडणार होता, पण चिंधीने त्याला डोळ्यांनी दाबलं.

“सांगा की बाई. सकाळी सांगितलंय मी तुमाला.”

“विटा पाडायला गेले होते,” रुचिराबाई म्हणाल्या.

“कुणाच्या?” सरांनी विचारलं.

बाईंनी मान खाली घातली. त्यांच्या पायाशी ती वीट होती.

“आमच्या,” त्या म्हणाल्या.

“चला बाई,” चिंधी म्हणाली. “अजून अकरा दारं हायत.”