पिंपाचा तळ कोणी पाहिला नाही

मी एक जुने डिझेल इंजिन आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारा उगाच तडतडतो. एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन ओंडक्यांवर मला बसवून ठेवले आहे. माझ्या वरच्या झाकणावर, म्हणजे कपाळावरच म्हणा ना, खडूने मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहिला होता : खराब. तो शब्द तिथे कसा आला, तेच तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतून माझे अंग घडवले. पहिल्यांदा मला चालू केले तेव्हा तिथल्या तपासनिसाने माझ्यावर तळवा ठेवला आणि म्हणाला, "आवाज रांगडा आहे, पण गडी पक्का आहे." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. मग मला एका उंच, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीत बसवले आणि ती गाडी एका घरी आली.

त्या घरात एक भाऊ आणि एक बहीण. भाऊ सुतार, त्याला सगळे दादा म्हणत. बहीण नर्स. दादाची मुले तिला आत्या म्हणत, म्हणून सगळी आळीच तिला आत्या म्हणू लागली. मीही तसेच म्हणतो. आत्याचे काम डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये. रस्ता कसला, नुसते दगड! तीन ठिकाणी ओढा आडवा येई आणि त्यानंतर सुट्या खडीचा असा चढ, की पायी जाणाऱ्याची छाती भरून यावी.

त्या चढाला मी अकरा वर्षे पुरून उरलो. पहिल्या गियरमध्ये, न धापा टाकता, बैलासारखा सावकाश चढायचो. ओढ्याचे पाणी अंगावर उडाले तरी मला फिकीर नव्हती. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते आणि ठिणगीचे नि पाण्याचे जमत नाही. माझ्यात ठिणगीच नाही. हवा दाबली की तिच्या उष्णतेनेच माझे डिझेल पेटते.

माझे दोषही सांगतो, लपवत नाही. थंडीच्या सकाळी मला उठवणे म्हणजे कुंभकर्णाला उठवणे. मी थरथरायचो, काळा धूर सोडायचो, शेजारची बाई खिडकी धाडकन लावून घ्यायची. पण एकदा उठलो की परत येईपर्यंत थांबायचो नाही. वरून परतल्यावर आत्या बॉनेटवर थाप मारून म्हणायची, "पोचवलंस रे बाबा." आम्ही दोघांनी मिळून त्र्याहत्तर बाळे जगात आणली, असा तिचा हिशेब होता. मी तो मान्य केला होता.

आता पिंपाकडे येतो, कारण इथेच तर घोडे पेंड खाते.

इंधनाचा पंप लांब, म्हणून दादा शेडच्या मागे, कडेला हातपंप बसवलेल्या एका पिंपात डिझेल साठवायचा. त्या पिंपाचे झाकण कधीच हरवले होते. दादाने तोंडात एक चिंधी कोंबली आणि काम भागवले. पावसाचे पाणी पिंपाच्या माथ्यावर साचे आणि चिंधीतून आत झिरपे. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसे. तिथेच बसून राहिले असते तर कोणाचेच काही बिघडत नव्हते. पण त्या घराचा एक नेम होता. वडील सांगून गेले होते, थेंबही वाया घालवायचा नाही. त्यामुळे पिंप रिकामे व्हायला आले की दादा टवका उडालेली एक वीट आणायचा. ती वडिलांच्या वेळचीच. ती पिंपाच्या मागच्या बाजूला खाली सरकवायची, पिंप हातपंपाच्या बाजूला कलवायचे आणि तळातले शेवटचे सगळे ओढून माझ्या पोटात घालायचे. हे तो इतक्या श्रद्धेने करी की बघणाऱ्याला हात जोडावेसे वाटावेत.

माझ्या फिल्टरच्या तळाला एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की आत आलेले पाणी निघून जाते. हातभर अंतरावरचे, दोन मिनिटांचे काम. अकरा वर्षांत तो स्क्रू कोणी फिरवला नाही. शेवटी तो गंजून जागीच चिकटला.

आणि एका दुपारी निरोप आला. वरच्या वस्तीत एक बाई अडली होती. आत्याने पिशवी उचलली आणि आम्ही निघालो. तिन्ही वेळा ओढा ओलांडला. चढाच्या दुसऱ्या वळणावर मी गचके देत बंद पडलो. डिझेलऐवजी पाणी येत होते आणि पाण्याला मी कसा पेटवणार? आत्याने चार वेळा चावी फिरवली. मग पिशवी खांद्याला लावून ती चालू लागली. मी तिला वळणाआड जाताना पाहिले. तेव्हाचा माझा राग अजून उतरलेला नाही.

ती दुसऱ्या दिवशी परतली. बूट न काढता पायरीवर बसली. "बाळ आधीच झालं होतं," ती म्हणाली. "आईचं रक्त थांबत नव्हतं. थांबलं शेवटी. पण दादा, अजून थोडा उशीर झाला असता ना, तर…"

गाडी पुन्हा चढावर थांबता कामा नये, एवढे सगळ्यांना पटले. म्हणून बैठक भरली. दादा, आत्या, गाडीचा मिस्त्री आणि दादाचा मेहुणा. या मेहुण्याने जन्मात डांबरी रस्ता सोडला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायला तो नेहमी तयार.

"डिझेल म्हणजे जुना जमाना," मेहुणा म्हणाला. "पेट्रोलचं बसवा. हलकं, आवाज नाही, थंडीत एका चावीत चालू!"

"आणि चढाला जोर?" आत्याने विचारले.

"जोर काय घेऊन बसलीस ताई! पाय दाबायचा."

मिस्त्रीच्या चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली होती. ती सावरत तो म्हणाला, "आधी गाडी जाते कुठं ते बघा. सावकाश चढ, पाणी, ओझं, तर डिझेल बरं. थंडी, हलकं काम, सोपी दुरुस्ती, तर पेट्रोल बरं. दोन्ही चालतात. पण मला आधी ह्या इंजिनाचा डिझेल-पंप उघडू द्या."

त्याने उघडला. आतून चहाच्या रंगाचे पाणी सांडले.

"दादा, ह्यात पाणी गेलंय."

"भेसळ!" दादा कडाडला. "पंपवाल्यांचा काय भरवसा!"

"घरच्या पिंपात बघितलंत का?"

"ते पिंप वडिलांच्या वेळचं आहे."

"म्हणूनच विचारतो," मिस्त्री म्हणाला. त्याने खडू काढून पिंपावर लिहिले, 'खालचे चार बोटे डिझेल काढू नका', आणि खडू तिथेच ठेवून तो हात धुवायला गेला.

दादाने तोच खडू उचलला आणि माझ्यावर लिहिले : खराब.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच. मला साखळीने उचलून इथे आणून ठेवले. गाडीत पेट्रोलचे इंजिन बसले. पिंपात आता पेट्रोल येणार, म्हणून दादाने त्याला झकास लाल रंग दिला. मिस्त्रीचे अक्षर रंगाखाली गेले. चिंधी मात्र तशीच राहिली.

नव्या इंजिनाचा मी दुस्वास करायचे ठरवले होते. पण खोटे कशाला बोलू, थंडीत ते पहिल्या चावीला उठे. शेजारच्या बाईची खिडकी उघडी राहू लागली. मला ते फार लागले. पण एक दिवस शेडच्या फटीतून मी दादाला ती वीट घेऊन येताना पाहिले, आणि माझा सगळा राग त्या नव्या पोराला सोडून विटेकडे वळला. अरे, निदान ह्याला तरी वाचवा! पण ओंडक्यांवरच्या इंजिनाला तोंड कुठे असते?

चार महिन्यांनी, त्याच चढावर, त्याच वळणावर, ये रे माझ्या मागल्या. या वेळी गाडीत लसींचा डबा होता. बर्फ वितळला, लसी फुकट गेल्या आणि वरच्या वस्तीतली बावीस बाळे टोचायची राहिली. आत्या चिखलाने माखून पायी घरी आली. आत बैठक भरलेलीच होती.

"पेट्रोलला जोरच नाही," दादा म्हणत होता. "मला तेव्हाच शंका होती."

"आता विजेवरचं बघू या," मेहुणा म्हणाला.

नाचता येईना, अंगण वाकडे!

आत्या आत गेलीच नाही. ती तडक पिंपाकडे आली. सलाइनची रिकामी बाटली हातपंपाखाली धरली आणि दोन हिसके दिले. शेडच्या पायरीवर बाटली ठेवून तिने सगळ्यांना हाक मारली. सगळे जमेपर्यंत बाटलीत दोन थर झाले होते. वर बोटभर पेट्रोल. खाली सगळे गंजके पाणी.

"दादा, आता सांग," आत्या म्हणाली. "ह्याच्यावर कुठलं इंजिन चालतं?"

मेहुण्याला एकदम घरचे काहीतरी काम आठवले. दादाने बाटली उचलून उजेडात धरली.

"वडील म्हणायचे, थेंबही वाया…"

"वडिलांच्या वेळी पिंपाला झाकण होतं, दादा."

दादाने मान खाली घातली. मग तो वाकला, पिंपाच्या मागची वीट ओढून काढली आणि हातपंपाच्या बाजूला खाली सरकवली. आता पाणी पलीकडे साचेल आणि पंपात येणार नाही. संध्याकाळच्या आत त्याने स्वतः लाकूड कातून झाकण केले, त्याला रबर लावले आणि ते ठोकून बसवले.

आत्या माझ्यापाशी आली. सुई देण्याआधी दंड पुसतात तसा तिने कापसाला स्पिरिट लावून माझ्या कपाळावरचा खडू पुसला. "तुझं काही चुकलं नव्हतं रे," ती म्हणाली. हे ऐकायला मला चार महिने थांबावे लागले.

मला परत गाडीत बसवलेले नाही, बहुधा बसवणारही नाहीत. नवे इंजिन आता धडधाकट आहे. रोज निघण्याआधी आत्या बाटलीत थोडे पेट्रोल काढून बघते आणि गाडी वळणापलीकडे चढून जाते, ते मी इथून ऐकतो. तरीही माझा राग गेलेला नाही, आणि जावा असे मला वाटतही नाही. मित्रांनो, डिझेल चांगले की पेट्रोल, यावर खुशाल भांडा. पण कोणाच्या कपाळावर 'खराब' लिहिण्याआधी, त्याच्या पोटात आपण काय ओतले ते एकदा बाटलीत धरून बघा. आणि तुमच्या घरी असे एखादे पिंप असेल, तर आधी जाऊन त्याला झाकण लावा.