आधी आमची वखार

टिंबर मार्केटात चन्नवीर शेट्यांइतकं लाकूड कुणाला कळत नाही, असं सगळे म्हणायचे. अलीकडं मात्र परदेशातून लाकूड मागवणारे व्यापारी वखारीत आले, की त्यांना रामराम करून थेट माडीवर जायचे. माडीवर चन्नवीरांच्या लेकीचं, शिवांजलीचं ऑफिस होतं. ती वनशास्त्र शिकलेली. युरोपला दारं-खिडक्या पाठवायच्या, तर लाकूड कुठल्या रानातलं आणि कुणाच्या परवानगीनं तोडलेलं, हे आता दाखवावं लागतं. ते नीट तपासून द्यायचं काम तिचं.

विजयसिंह म्हणजे चन्नवीरांचा शाळेपासूनचा दोस्त. त्यांनी युरोपातल्या एका गिऱ्हाइकाची दारांची मोठी ऑर्डर घेतली आणि आफ्रिकेतून सागाचे ओंडके मागवले. शिवांजलीनं ते पाहिले आणि दाखला द्यायला नकार दिला. विजयसिंह तडक वखारीत आले.

"चन्नवीर, पोरीला जरा समजाव. कागद सगळे हायेत की."

दोस्ताचा शब्द मोडवेना. लेकीला समजवायचं असं ठरवूनच चन्नवीर दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर विजयसिंहांच्या गोदामात गेले. शिवांजलीनं एका ओंडक्याच्या तोंडावर पाणी ओतलं, फडक्यानं पुसलं.

"अप्पा, कागदावर हा वीस वर्षांच्या लागवडीचा साग हाय. तुम्हीच बघा."

चन्नवीरांनी अंगठा फिरवला. लागवडीच्या सागाची वर्तुळं रुंद असतात. इथं एकाला एक चिकटून बसलेली.

"शंभरी ओलांडलेलं झाड हाय हे," ते म्हणाले. "जुन्या रानातलं. आफ्रिकेत सागाचं रानच न्हाय."

असलं लाकूड त्यांनी जन्मभर वाखाणून विकलं होतं. ते कुठल्या रानातनं आलं, हे कधी विचारलं नव्हतं. लेकीला समजवायचं सोडून त्यांनी विजयसिंहांनाच तो ओंडका दाखवला.

विजयसिंह भडकले. "दुसऱ्याचा माल तपासायला काय जातंय? तुझ्या वखारीत काय काय हाय, ते बघ की आधी."

गोदामातली माणसं काम थांबवून बघायला लागली. चन्नवीरांनी हाताची धूळ झटकली.

"बघू की. आधी आमची वखार."

शिवांजलीनं घरची वखार म्हणून कुठं हात सैल सोडला नाही. एकेक थप्पी उलटीपालटी केली. मागच्या भिंतीजवळची थप्पी सगळ्यात देखणी होती. एका दलालाकडनं घेतलेली. तिचे कागद शिवांजलीनं पुन्हा पुन्हा चाळले.

"अप्पा, ह्याचं मूळ कुठं लागत नाही."

"मग लागत न्हाय, असंच लिही."

चन्नवीरांनी लाल रंगाचा डबा आणला आणि आपल्या हातानं त्या थप्पीवर फुली मारली. वनखात्याला फोनही त्यांनीच केला.

संध्याकाळच्या आत सगळ्या मार्केटात ही बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी विजयसिंह आले, ते खालीच स्टुलावर बसले. शिवांजली खाली आली, तसे हळू आवाजात म्हणाले, "पोरी, आता माझं काय करायचं, ते सांग."

"काका, आधी गिऱ्हाइकाला खरं सांगायचं. त्यांना कळायच्या आत आपण."

फोनवर विजयसिंह अडखळत बोलले, मधेमधे शिवांजलीनं सावरून घेतलं. ऑर्डर गेलीच, असं त्यांनी मनात धरलं होतं. पण गिऱ्हाइकानं मुदत वाढवून दिली. जुने ओंडके विजयसिंहांनी तसेच बाजूला ठेवले आणि त्यांचीही खबर वनखात्याला दिली. शिवांजलीनं दुसरी लागवड शोधली. तिथल्या हरेक ओंडक्यावर शिक्का होता आणि शिक्क्यावरून तो कुठल्या तुकड्यात वाढला, ते कळत होतं. दारं उशिरा गेली, पण ताठ मानेनं गेली.

व्यापाऱ्यांच्या बैठकीत विजयसिंह आपणहून उठले. स्वतःची फजिती काही न लपवता सांगितली आणि म्हणाले, "मी भांडलो तिच्याशी. तिनं मला वाचवलं. ज्याला बाहेरचा माल आणायचा हाय, त्यानं आधी त्या माडीचा जिना चढावा."

दुसऱ्या दिवशी जिन्यावर उभं राहायला जागा नव्हती. निपाणीचे, सांगलीचे व्यापारी आलेले. चन्नवीर सगळ्यांना "या पावणं, बसा" म्हणत खुर्च्या मांडत होते. मधेच बाजूला जाऊन त्यांनी घरी बायकोला फोन लावला.

"बसव्वा, जेवायला उशीर हुतोय. तुझ्या लेकीकडं रांग लागलीया."

"रोज तर माझी लेक, माझी लेक करताय," बसव्वा म्हणाल्या. "आज माझी कशी झाली?"

चन्नवीरांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"आपली म्हणलो की," ते म्हणाले, आणि आणखी खुर्च्या आणायला गेले.