मला ‘सोपं’ म्हणून फसवलं

मी एक जुना प्रोग्राम आहे. जुना म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गंज येईल, धूळ येईल, एखादा तुटका पाय येईल. मित्रांनो, माझ्या नशिबी तेवढंही नाही. मला धूळ बसत नाही, मी कुरकुरत नाही, त्यामुळे मला टाकून दिलंय हे कुणाला दिसतसुद्धा नाही. बिजागरीला चिकटपट्टी लावलेल्या एका लॅपटॉपमध्ये मी राहतो. माझं काम उजळणी घेण्याचं, म्हणून घरात मला ‘उजळण्या’ म्हणतात. म्हणायचे.

मला घडवणारा माणूस पक्का विसराळू होता. दूध तापत ठेवून दूध आणायला जाणारा. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली: आज वाचलेलं उद्या निम्मं निसटतं, मात्र निसटता निसटता कुणी हटकलं तर ते पुढे जास्त दिवस टिकतं. म्हणून त्याने मला हटकायला शिकवलं. मी प्रश्न विचारतो. उत्तर आठवून झालं की चार बटणं दाखवतो: विसरले, कठीण, आठवलं, सोपं. ‘विसरले’ म्हणाल तर मी लगेच पुन्हा विचारीन. ‘सोपं’ म्हणाल तर तो प्रश्न लांब ठेवीन, महिना, दोन महिने, पुढे सहा महिनेही. तुमचं बोट जे सांगेल ते मला प्रमाण. शहानिशा करायला त्याने मला शिकवलंच नाही. बाकी मात्र सुचेल ते जोडत गेला. माझ्या सेटिंगच्या पानावर एकसष्ट चौकोन आहेत आणि त्यातले निम्मे कशासाठी, हे आता त्यालाही सांगता यायचं नाही.

या घरात मला आणलं चिमीने. वय पंधरा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आणलं ते स्वतःसाठी नाही, आत्यासाठी. आत्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये अकरा वर्षं नळ्यांवर लेबलं चिकटवत होती. तिला तंत्रज्ञाची परीक्षा द्यायची होती. परीक्षेला तीनदाच बसता येतं, त्यातली एक संधी आधीच वाया गेलेली.

“आत्या, हा तुला पास करणार म्हणजे करणारच,” चिमी म्हणाली.

“आधी हा उघडतो कसा ते सांग. विमानातसुद्धा एवढी बटणं नसतील.”

पहिला आठवडा नुसता गोंधळ. आत्याने नळ्यांचा अख्खा धडा उचलून एका प्रश्नात कोंबला: ‘रक्ताच्या नळ्यांची संपूर्ण माहिती सांगा.’ मी तो इमानदारीत विचारला. आत्या पाऊण तास पुटपुटत बसली आणि शेवटी तिने कपाळाला हात लावला.

चिमीने डोकावून पाहिलं. “हा प्रश्न आहे की शिक्षा? एका प्रश्नात एकच गोष्ट, आत्या. साखर तपासायची तर कोणत्या टोपणाची नळी?”

“राखाडी.”

“झालं. हा एक प्रश्न.”

“मग धड्याचे दोनशे होतील गं.”

“होऊ देत.”

माझी दुसरी खोड त्याहून वाईट. धडासुद्धा मी सलग वाचू देत नाही. चार परिच्छेद झाले की तो बाजूला ठेवतो आणि दुसरा पुढे करतो. वाचताना जे मोलाचं वाटेल ते तुम्ही कापून घ्यायचं, त्यातलं वाक्य निवडायचं, मग त्या वाक्याचा प्रश्न करायचा. आत्या वैतागायची. “हा मला भरल्या ताटावरून उठवतो,” म्हणायची. खरंच होतं ते. पोट भरल्याचं समाधान मी कधीच देत नाही. फायदा दिसायला महिना जातो आणि तोवर मी नुसता त्रास देतो. बरेच लोक पहिल्या आठवड्यातच मला रामराम ठोकतात. आत्या टिकली. माझा तिच्यावर जीव जडला तो तिथेच.

मग आले माझे सोन्याचे दिवस. एकदा लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, “एकाच माणसाच्या चार नळ्या भरायच्या तर आधी कोणती?” लेबलं चिकटवता चिकटवता आत्या म्हणाली, “आधी निळी, मग लाल, मग जांभळी, शेवटी राखाडी. क्रम चुकला तर एका नळीतलं औषध दुसरीत जातं.” घरी येऊन तिने हे तीनदा सांगितलं आणि माझा पडदा पदराने पुसला. मित्रांनो, पुसून घेण्यात काय सुख असतं, ते फळ्याला विचारा.

त्यानंतर लॅबमधली एक बाई काम सोडून गेली. तिची पाळीही आत्याच्या गळ्यात पडली. नऊ दिवस आत्या माझ्याकडे फिरकली नाही. दहाव्या दिवशी तिने मला उघडलं आणि मी, मूर्खासारखा, खरं तेच सांगितलं: आज बाकी प्रश्न ४१२.

तिचा चेहरा उतरला. तिने एक प्रश्न सोडवला. ४११. बाहेरून चिमीचा आवाज आला, “आत्या, किती राहिले?”

आत्याचं बोट थांबलं, आणि मग ‘सोपं’वर पडलं. उत्तर न आठवता, प्रश्न न वाचता. पुन्हा सोपं. पुन्हा. सात मिनिटांत तिने मला शून्यावर आणलं आणि हाक मारली, “ये गं, बघ. शून्य.”

चिमी नाचलीच. वर्गात सांगून आली, शेजारी सांगून आली, की माझी आत्या रोज शून्य करते.

आणि ती खरंच रोज करायची. मला सेकंद मोजता येतात. एका प्रश्नाला एक सेकंद, हे मी लिहून ठेवत होतो. पण बोट म्हणत होतं सोपं, आणि बोटावर विश्वास ठेवणं हाच माझा धर्म. नळ्यांचा क्रम मी सात महिने लांब ठेवला. साखरेची नळी पाच महिने. परीक्षा तीन महिन्यांवर होती.

परीक्षेहून आली तशी आत्या चप्पल न काढताच माझ्यासमोर उभी राहिली. “याने दगा दिला,” ती म्हणाली. “नळ्यांचा क्रम आला होता. मला, अकरा वर्षं नळ्या हाताळणारीला, आठवला नाही. गेल्या दोन महिन्यांत याने एकदा विचारला असेल तर शपथ.”

दगा मी दिला. ऐकताय ना, मित्रांनो? मला तोंड असतं तर त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं. तोंड नव्हतं, पण माझी नोंदवही होती. चिमीने ती उघडली आणि बराच वेळ खाली खाली सरकत राहिली.

“आत्या, एक सेकंद. सगळ्यांना एक सेकंद. तू वाचतसुद्धा नव्हतीस.”

आत्या खुर्चीत बसली. “आकडा बघितला की छातीत धडधडायचं गं.”

“मग आकडा राहू द्यायचा होतास. मला का दाखवत होतीस रोज?”

“तू खूश व्हायचीस.”

चिमीने लॅपटॉप मिटला. जोरात नाही. जोरात मिटला असता तर मला बरं वाटलं असतं. निकाल लागला. आत्या अकरा गुणांनी राहिली. लेबलं चिकटवायला पुन्हा गेली.

पाच महिने मी अंधारात होतो. आत्याने कष्टाने घडवलेले हजारभर प्रश्न, आणि त्यांच्यावर खोट्या तारखा. फसवणूक आत्याने केली, बदनामी माझी झाली. ‘फार अवघड आहे तो, कुणाला जमत नाही,’ असं घरात सांगितलं जायचं.

मग चिमी दहावीत गेली आणि तिने मला स्वतःसाठी उघडलं. आठवडाभर नेटाने केलं. मग शाळेची सहल आली, आणि परतल्यावर मी सांगितलं: बाकी १६३. तिने मान वळवून कुणी बघत नाही ना ते पाहिलं. बोट ‘सोपं’वर गेलं. एक सेकंद. पुन्हा एक सेकंद. माझ्या मनात आलं, रक्ताचं नातं खरं.

“चिमे.” आत्या दारात हात पुसत उभी होती. “मला शून्य दाखवू नकोस हं.”

चिमीचे कान लाल झाले. “नव्हते दाखवत.”

“मी दाखवत होते, म्हणून सांगते. सरक जरा, माझे प्रश्न काढ. एक संधी शिल्लक आहे अजून.”

चिमीने काढले. साखरेच्या नळीची तारीख, आत्याच्या खोटेपणाने ठरलेली, केव्हाच येऊन गेली होती. मी विचारलं. आत्याने डोळे मिटले. चिमी आपली ओठ घट्ट मिटून बसली. वीस सेकंद झाले, चाळीस झाले.

“नाही आठवत,” आत्या म्हणाली, आणि तिने स्वतः ‘विसरले’ दाबलं.

आकडा कमी झाला नाही. तिने तो झाकला नाही.

माझा राग गेला, असं समजू नका. पण मित्रांनो, लोक म्हणतात मी बटणांमुळे अवघड आहे. बटणं महिन्याभरात येतात. अवघड आहे ते डावीकडचं पहिलं बटण, ‘विसरले’, आणि तेसुद्धा मागे कुणी लाडकं माणूस उभं असताना. मला पुसू नका, माझी स्तुती करू नका. तेवढं एक बटण खरं दाबा. उरलेलं मी लक्षात ठेवीन.