डाव्या पेडलचा आटा

सुरतेच्या बमरोली भागात भगवानच्या सायकलींच्या दुकानात वंदना एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा घालून उभी होती. काढलेला बूट तिने पेडलवर ठेवला होता आणि पेडल हळूहळू तिरपं करत तो कुठल्या कोनात घसरतो ते बघत होती. आधी ॲल्युमिनियमचं, मग नायलॉनचं. भगवान हातातलं काम सोडून हा प्रयोग बघत राहिला. तो हसला नाही, याची तिने मनात नोंद घेतली.

ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. सेहेचाळिसाव्या वर्षी तिने जाड टायरांची, खडकाळ वाटांवर चालणारी सायकल घेतली होती. दर रविवारी केदारच्या गटाबरोबर ती बारडोलीकडे, कालव्याच्या कडेने उसातल्या कच्च्या रस्त्यांवर जायची. सायकलीबरोबर आलेली पेडलं अरुंद आणि गुळगुळीत होती. गेल्या रविवारी बांधावर पाय सटकून ती सगळ्यांसमोर आडवी झाली, तेव्हा केदारनेच सांगितलं की रुंद, चपटी, खिळ्यांची पेडलं घ्या, आणि भगवानकडेच घ्या.

भगवान मूळचा शिरपूरकडचा. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये बारा वर्षं काढून मग त्याने हे दुकान टाकलं होतं.

“ॲल्युमिनियमचे खिळे बूट जास्त धरतात मॅडम, ते खरंय,” तो म्हणाला. “पण पाय सुटला की नडगी सोलून काढतात. तुम्ही नव्या आहात. नायलॉनचं घ्या, त्याचे खिळे बोथट असतात.”

वंदनाने ॲल्युमिनियमचं घेतलं. त्याच्यावरून बूट अकरा अंश उशिरा घसरला होता. भगवानने वाद घातला नाही. दहा मिनिटांत बसवून देतो म्हणाला, तर तिने घरी मीच बसवीन म्हणून सांगितलं.

“डाव्या बाजूचा आटा उलटा असतो हं मॅडम.”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली.

तिला ठाऊक नव्हतं. खरं तर तिने ते नीट ऐकलंही नव्हतं. सायकलवाला आपल्याला स्क्रू शिकवतोय, एवढंच तिच्या कानांनी उचललं होतं.

शनिवारी दुपारी तिने सायकल गॅलरीत उभी केली. उजवं पेडल निघालं, नवं बसलं. डावं काही हलेना. तिने जोर लावला, मग पान्याच्या दांड्यावर नळाच्या पाइपाचा तुकडा चढवला. बल कमी पडत असेल तर भुजा वाढवावी, हे ती दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत आली होती. पाइपावर तिने अंगाचा भार टाकला. आतून करकर आवाज आला आणि एकाएकी सगळं हलकं झालं. पेडल हातात आलं, त्याच्या आट्यांमध्ये ॲल्युमिनियमच्या बारीक चकचकीत तारा गुंडाळलेल्या होत्या.

नवं पेडल लावताना ते नेहमीच्या दिशेने धरेना. उलटं फिरवल्यावर धरलं. तेव्हा तिला भगवानचं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. सैल करतेय समजून ती दहा मिनिटं पेडल आवळत होती आणि पाइप लावून तिने, पेडल ज्या दांडीत बसतं, तिच्या आतले आटे कापून काढले होते. पेडल अजून दोन-तीन आट्यांवर टिकून होतं. तेवढं पुरेल, असं तिने ठरवलं. का पुरेल, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नाही. त्या चकचकीत तारा तिने कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या.

रविवारी बारडोलीच्या अलीकडे, चढावर उभं राहून दाब दिला, तेव्हा डावं पेडल मुळासकट निघालं. उजव्याच्या खिळ्यांनी तिची नडगी उभी सोलली. सगळे थांबले. केदारने पेडल उचलून बघितलं. तो बँकेत अधिकारी होता, गटाचं सगळं तोच बघायचा.

“आटेच गेलेत. हे कुठून बसवून घेतलंत वंदनाताई?”

“भगवानकडून,” ती म्हणाली. “गेल्याच आठवड्यात.”

त्याने विचारलं होतं एक, आणि तिने उत्तर दिलं होतं दुसऱ्याच प्रश्नाचं. पेडलं भगवानकडूनच घेतली होती. हे खोटं नाही, असं ती टेंपोत सायकलीशेजारी बसून सुरतेपर्यंत मनात घोळवत राहिली.

संध्याकाळी फोनवर गटात केदारचा निरोप आला. महिनाअखेरीच्या मोठ्या फेरीआधी सगळ्यांच्या साठ सायकली भगवानच्या दुकानात तपासायचं ठरलं होतं, ते रद्द. जीव महत्त्वाचा, तपासणी दुसरीकडे होईल. खाली अंगठ्यांची रांग लागली. कुणीतरी वंदनाताई कशा आहेत विचारलं होतं. बरी आहे, असं तिने लिहिलं. त्यापुढे काही लिहिलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही.

बुधवारी अकरावीच्या वर्गात तिने उजव्या हाताचा अंगठा वर करून स्क्रूचा नियम समजावला. बोटं ज्या दिशेने वळतात तसा स्क्रू फिरवला की तो अंगठ्याच्या दिशेने पुढे सरकतो. तिसऱ्या बाकावरच्या दिपालीने हात वर केला. अबोल मुलगी, आकृत्या फार नीट काढायची.

“टीचर, सायकलच्या डाव्या पेडलला हा नियम उलटा लागतो ना?”

वर्ग हसला. वंदनाचा अंगठा हवेतच राहिला. “हो,” ती म्हणाली. “बरोबर आहे. बस.”

शाळा सुटल्यावर ती घरून सायकल घेऊन रिक्षाने बमरोलीला गेली. भगवान फोनवर कुणाशी तरी अहिराणीत बोलत होता. शेजारच्या रिकाम्या गाळ्यात सायकली टांगायचे चार स्टँड मांडलेले दिसत होते. चारही नवे, प्लास्टिकसुद्धा न काढलेले.

फोन ठेवून तो खाली बसला. पेडलच्या भोकात त्याने बोट घालून फिरवलं.

“पाइप लावला होता ना?”

“हो.”

“वाटलंच. केदारसाहेबांचा फोन आला तेव्हाच वाटलं होतं.”

“मग त्यांना सांगितलं का नाहीत? मी घरी बसवलं म्हणून?”

भगवानने फडक्याला बोट पुसलं. “दिपाली माझी मुलगी, मॅडम. पुढच्या महिन्यात तुमच्याकडे तिचं प्रात्यक्षिक आहे.”

हे त्याने टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं होतं. वंदनाचे कान तापले. प्रयोगशाळेत अर्ध्या गुणासाठीही तिने कधी कुणाचं तोंड बघितलं नव्हतं, हा तिचा वीस वर्षांचा अभिमान. पण या माणसाने तिला जेवढं पाहिलं होतं, त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा म्हणता येत नव्हता.

तिने तिथेच स्टुलावर बसून गटावर लिहिलं. पेडल मी स्वतः बसवलं. भगवान यांनी आटा उलटा असतो असं सांगूनही मी ते ऐकलं नाही. आटे माझ्या हातून गेले आणि हे मला रविवारी सकाळी निघतानाच माहीत होतं.

उत्तरं लगेच आली. हसरे चेहरे, हात जोडलेले. केदारने लिहिलं, होतं असं वंदनाताई, एवढं काय मनावर घेता. भगवानला दोषी ठरवायला जेवढा वेळ लागला होता, त्याहून कमी वेळात तिला माफी मिळाली होती. त्या हसऱ्या चेहऱ्यांची तिला जास्त लाज वाटली.

तिने केदारला फोन लावला. तपासणी परत इथे आणा, असं म्हणाली. तो म्हणाला, दुसऱ्या दुकानाला शब्द दिलाय, आता त्यांना नाही कसं म्हणायचं?

“भगवानना म्हणालात तसंच.”

 केदार अर्ध्या सायकली पाठवतो म्हणाला. तिने तसं सांगितलं, तेव्हा भगवानने मान हलवली आणि एका स्टँडचं प्लास्टिक सोलायला घेतलं.

“तिचं प्रात्यक्षिक दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगते मी,” वंदना म्हणाली.

“नको,” तो घाईने म्हणाला. “तुमचंच शिकवणं आवडतं तिला.”

 दुकानात नवी दांडी होती. भगवानने ती बसवली, आणि वंदनाने पेडल मी लावू का विचारलं. त्याने पाना दिला. तिने पेडल भोकाला टेकवलं, आणि मनगट आपलं आपण नेहमीच्या बाजूला वळलं. पेडल धरेना. भगवान शेजारी उभा होता. त्याला दिसत होतं, तरी तो गप्प होता.

वंदनाने हात थांबवला.

“सांगा ना,” ती म्हणाली.

“उलटा, मॅडम,” भगवान म्हणाला. “उलटा फिरवा.”