शेवटच्या पट्टीतला टॅग

"ताई, याच्यावर टोपी मिळते ना," असं म्हणत मच्छीमारानं खिशातून पिवळा टॅग काढून टेबलावर ठेवला. बोटाएवढा, प्लॅस्टिकचा, शेवाळलेला.

"मिळेल टोपी. आधी सांगा, मासा सापडला कुठे, कधी, आणि होता केवढा?"

"हा एवढा." त्यानं दोन्ही हात पसरले.

"हात घरी बायकोला दाखवा. माप घेतलंत का?"

"घेतलं ना. तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत, सरळ. मागच्या वेळी पोटावरून टेप फिरवला म्हणून झापलं होतंत, विसरेन होय?"

टूना संशोधनाच्या त्या कार्यालयात ताई वर्षानुवर्षं हेच करत आली होती. बोटीवरची माणसं मासा पकडून मोजत, पाठीत टॅग खोचून परत सोडून देत. पुढे तो ज्याच्या जाळ्यात येई तो टॅग आणून देई. मग मासा किती वाढला, किती हिंडला, ते ताई नोंदवून ठेवी.

तिनं टॅग अंगठ्यानं पुसला, आकडा वाचला आणि पुन्हा पुसला.

"काय झालं? खोटा आहे का?"

"नाही हो. खरा आहे." तिनं मापं लिहून घेतली आणि कपाटातली टोपी त्याला दिली. तो गेल्यावर तिनं जुनी वही काढून आकडा पडताळला.

टॅग तिच्या धाकट्या भावाला दिलेल्यांतला होता; बोटीवरून मासे टॅग करायला तोही जाई. तीन वर्षांपूर्वी त्याची बोट निघाली, पहिल्याच संध्याकाळी वादळात तिचा वायरलेस बंद पडला आणि पुढे काही कळलं नाही. त्याच रात्री बुडाली, असं चौकशीत ठरलं. शोधही तिथल्या तिथेच घेतला आणि लवकर थांबवला. घरी आला-गेला जो तो म्हणाला, झोपेतच गेला असेल, कळलंही नसेल त्याला. या एका वाक्याच्या आधारावर त्यांच्या बाबांनी आजवरचे दिवस ढकलले होते.

पण टॅग पट्टीत रोवलेले असतात आणि आकड्यांच्या ओळीनं वापरायचे असतात. त्याच्या पट्ट्या ताईनंच आकड्यांप्रमाणे लावून दिल्या होत्या. कुठल्याही फेरीतून निम्म्या पट्ट्या तशाच परत येत. हा शेवटच्या पट्टीतला होता. एका संध्याकाळी इतके मासे कुणाच्या बापाला सोडता आले नसते.

कार्यालयातल्या साहेबांना तिनं तो दाखवला; त्यांनी टॅग उलटसुलट करून पाहिला. "सोडल्याची तारीख नाही, माप नाही. ते कागद बोटीबरोबरच गेले. अभ्यासाच्या उपयोगाचा नाही हा, ताई."

"बोट तरंगत होती, साहेब. कितीतरी दिवस. इंजिन बंद पडलं असणार. वाहत्या बोटीच्या सावलीला टूना जमतात, हे तुम्हीच शिकवलंत ना? बसला असेल सोडत एकेक. सगळे टॅग माझ्याच टेबलावर येतात, हे त्याला ठाऊक होतं."

साहेबांनी टॅग तिच्या हातात परत दिला. "वर लिहितो मी," म्हणाले. मग हळूच, "बाबांना कशाला सांगताय?"

नाहीच सांगायचं, असं ठरवून ती घरी गेली. बाबांचा जन्म बोटींवर गेलेला. रोजच्यासारखं त्यांनी विचारलंच, "आज काय परत आलं?"

"एक टूना."

"कुणी सोडलेला?"

दुसऱ्या कुणाचं नाव सांगायला ताईनं तोंड उघडलं. घरात लहानसहान थापा ती सर्रास मारायची, पण परत आलेल्या माशांबद्दल आजवर कधी मारली नव्हती. जीभच वळेना.

"आपल्या धाकट्यानं," ती म्हणाली. "शेवटच्या पट्टीतला."

पट्टी म्हणजे काय, हे बाबांना समजावून सांगावं लागलं नाही. तिनं त्यांच्या गोळ्या काढल्या, पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला.

"प्यायचं पाणी किती भरलं होतं गं त्यांनी?"

बोट दोन-तीन दिवसांच्या तयारीनंच निघाली होती, हे दोघांनाही माहीत होतं. बाबांनी गोळ्या कोरड्याच गिळल्या आणि भरलेला पेला जपून, थेंबही न सांडता, टेबलावर ठेवून दिला.