सासूनं दिलेली उत्तरं

"खांदा लई दुखतोय सिस्टर, आणि उजव्या बाजूला पोटात कळ येतीया," कोडोलीहून संयोगिता फोनवर सांगत होती. "म्हशीची धार काढल्यानं असंल का?"

"धार ऱ्हाऊ दे. काय खाऊ नको. गाडी कर आणि हाईस तशी ये," अक्काताई म्हणाल्या.

कोल्हापुरातल्या त्या वंध्यत्वाच्या दवाखान्यात नर्स म्हणून अक्काताईंची बावीस वर्षं गेली होती. पोटात रक्त साचलं की खांदाही दुखतो, हे त्यांना ठाऊक होतं. संयोगिताच्या गर्भपिशवीत टेस्ट ट्यूबचा गर्भ ठेवून तीन आठवडे झाले होते, तिची सासू बायडाबाई गल्लीभर पेढे वाटून मोकळ्या झाल्या होत्या आणि पहिली सोनोग्राफी अजून चार दिवसांवर होती.

तासाभरात संयोगिता आली ती पांढरीफटक. सोनोग्राफीत दिसलं: गर्भ बीजनळीत, नळी फुटलेली, पोटात रक्त. बायडाबाई अडून बसल्या, की डॉक्टरांनी तो हातानं पिशवीत ठेवलाय, मग नळीत जाईल कसा? अक्काताईंनी भराभरा समजावलं: पिशवीत ठेवला तरी कधीकधी सरकतो, आधीच्या आजारानं नळी खराब असली तर धोका जास्त. शेवटी दरडावून ऑपरेशनसाठी सही घेतली.

गर्भ गेला, पण पोर वाचली. बाहेर येऊन डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, की दोन्ही नळ्या जुन्या टीबीनं चिकटल्यासारख्या दिसतात. आधी कळतं तर नळ्यांचं काही केलं असतं, लवकर तपासलं असतं. उपचाराआधी भरलेल्या फॉर्मवर टीबीपुढं 'नाही' होतं. अक्षर अक्काताईंचं. एरवी त्या घरच्यांना बाहेर बसवूनच प्रश्न विचारत. फॉर्म भरला त्या दिवशी गर्दी होती, सासूला बाहेर बसवायचं राहिलं, आणि सगळी उत्तरं बायडाबाईंनीच दिली. अक्काताईंना स्वतःचीच चीड आली.

सकाळी संयोगिताला टीबीचं विचारायचं म्हणून त्यांनी बायडाबाईंना बाहेर जायला सांगितलं, तर त्या हलेनात.

"बसू दे त्यास्नी," संयोगिता म्हणाली. "कॉलेजात असताना मला पोटाचा टीबी झालता. लगीन मोडंल म्हणून आईनं कुणाला सांगू दिलं न्हाय."

बायडाबाईंचा चेहरा उतरला. "अगं, पर सिस्टर इचारत हुत्या तवा तरी बोलायचं. गप का बसलीस?"

"तुमी हुतासा की तिथं, आत्ती."

चूक माझी, असं अक्काताई म्हणाल्या, पण ते कुणी ऐकलं नाही. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या आणि संयोगिताला रात्री झोप लागली का, म्हणून विचारलं. सवयीनं बायडाबाईंनी तोंड उघडलं. मग मिटलं. पदर सावरून त्या उठल्या आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.