वाचामृताचे तीन चमचे

चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात त्या दिवशी वांगी तशीच पडून राहिली. गिऱ्हाईक सगळं चिंचेखाली. तिथे एका लाकडी खोक्यावर उभे राहून खुशालराव महाराज मुक्या लेकरांना बोलतं करत होते. अंगात कफनी, कफनीवर काळा कोट, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि माळेला खेटून डॉक्टरची नळी. देव मानणाऱ्याने माळ बघावी, न मानणाऱ्याने नळी बघावी, आणि दोघांनीही बाटली घ्यावी.

"या माळीबुवा, तुमच्यासाठी हा परसाद!" महाराज ओरडले. मग त्यांना गर्दीत धर्मपाल मास्तर दिसला आणि लगेच आवाज बदलला. "गुरुजी, तुमाले देव चालत नाई, मले ठाऊक हाय. तुमच्यासाठी हे व्हिटामिन! जिभेच्या मुळाशी जे तत्त्व कमी पडते, ते भरून काढते. नाव वाचामृत."

बाटली तीच होती. ते कोणी बघितलं नाही.

धर्मपालने तीन वर्षांपूर्वी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. परत आल्यावर त्याच आठवड्यात त्याने घरातले सगळे देव टोपलीत भरून पूर्णा नदीत सोडले. गंडादोरा दिसला की त्याचं डोकं फिरायचं. पण व्हिटामिन म्हणजे विज्ञान, आणि विज्ञानापुढे मास्तरचा हात आपोआप पुढे झाला.

त्याची ललिता सहा वर्षांची. बोलत नसे, हाक मारली तर वळून बघत नसे. आज अशा लेकराला स्वमग्न म्हणतात. तेव्हा चांदूरात मुकी म्हणून मोकळे होत. पण तिची आई पंचफुला तुरीची डाळ तिच्यापुढे पसरून बिनघोर कामाला लागायची. ललिताच्या बोटांतून एक खडा सुटत नसे.

महाराजांनी ललिताला चमचा पाजला. तासाभराने तिचे गाल लाल झाले, ओठ हलले. "बा... बा... पा..."

"बोल्ली! बापाले बाबा म्हनली!" गर्दी उसळली. धर्मपालच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर पंचफुलाच्याही आलं. दोन बाटल्या घरी आल्या.

पंचफुलाला लिहिता येत नव्हतं, पण आठवणीवर विसंबणारी ती नव्हती. चुलीमागच्या भिंतीवर तिने कोळशाने दोन बाजू केल्या. डावीकडे लेकीचे शब्द, उजवीकडे लेकीचे त्रास. बारा दिवसांत डावीकडे अकरा रेघा झाल्या. उजवीकडे जीभ लाकडासारखी सुकणं, लघवी अडणं, रात्र रात्र जागणं, हवेतलं काहीतरी धरायला जाणं, असं मोजता मोजता कोळसा झिजून गेला. आणि डाळीतले खडे आता ललिताला सापडत नव्हते. ती नुसती चाचपायची.

"उष्णता बाहेर पडून राहिली," धर्मपाल म्हणाला. "महाराजानं सांगतलंच होतं."

"बाहेर पडाले ती आत कवा होती? आधी तं नव्हती."

"औषध म्हनलं का थोडा तरास होतेच. पोरीनं बोलावं असं तुले वाटत नाई का?"

हे तिला लागलं. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. "तुमच्यापेक्षा जास्त वाटते. पन ते बोलनं आयका तं खरं. चमचा गेला का घंट्यानं बोलते, सकाळी पुन्हा गप. आन बोलते कोनाशी? आपल्याशी नाई, भिंतीशी."

कोपऱ्यात तिचे सासरे जानराव बसले होते. जानराव म्हणजे दिवसाला तीन शब्दांचा माणूस, आणि त्यातला एक 'हूं'.

"मले दे," ते म्हणाले.

"काय, मामाजी?"

"चमचा. पोट्टीले देऊ नको. आधी मी पितो."

धर्मपाल नको नको म्हणेपर्यंत त्यांनी तीन चमचे ओतून घेतले.

दुपारी जानराव बोलू लागले. डोमाजी व्यापाऱ्याशी बैलाचा सौदा सुरू झाला. "दात दाखव, डोमाजी! मले फसवतं काय रे?" डोमाजीला मरून नऊ वर्षं झाली होती. सौदा मोडला तेव्हा म्हातारा गोधडीवरचं तण निंदायला बसला. चाळीस वर्षांत बोलला नव्हता एवढा दोन तासांत बोलला.

"बुढ्यालेही वाचा फुटली!" दारात जमलेल्या बाया थक्क झाल्या. दोघी तर महाराजांचा मुक्काम विचारू लागल्या.

पंचफुला हसली नाही. तिने सासऱ्यांचा चेहरा उजेडाकडे वळवला. तसेच लाल गाल, तशीच सुकी जीभ. डोळ्यांतलं काळं पसरून पार कडेला टेकलेलं. मग तिने ललिताचे डोळे बघितले.

"गाडी जुपा," ती नवऱ्याला म्हणाली. "दोघांलेही न्याचं हाय."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर भगवंतरावांनी बॅटरी मारली. बाहुल्या आकसल्या नाहीत. त्यांनी जानरावांना ओकारी करवली, मग बाटली फडक्यातून गाळली. फडक्यावर चपट्या, तपकिरी बियांचा चुरा उरला.

"धोतरा," डॉक्टर म्हणाले. "वाटून मधात कालवलाय. याने वाचा येत नाही, माणूस बरळतो. तोंड सुकतं, लघवी अडते, जवळचं दिसत नाही. तुमची मुलगी बोलत नव्हती गुरुजी, तिला विष चढत होतं. आणखी आठ दिवस दिलं असतं तर..." धर्मपाल बाकावर खाली बसला.

पुढच्या बाजारी जानराव पुन्हा तीन शब्दांवर आले होते. ललिताची जीभ ओली होती. चिंचेखाली तीच गर्दी, तेच खोकं. पंचफुला बाटली आणि चमचा घेऊन सरळ पुढे गेली, मागोमाग धर्मपाल आणि डॉक्टर.

"महाराज, एक चमचा तुमी घ्या."

"बाई, मले वाचा हाय."

"माह्या सासऱ्यालेही होती. वापरत नव्हते, एवढंच."

गर्दी हसली. खुशालरावांनी माळ चाचपली. "आज माहा उपास हाय."

"उपासाले परसाद चालते, महाराज!" एक माळी ओरडला.

"आन व्हिटामिनही चालते," धर्मपाल म्हणाला.

महाराज एकदम खोक्यावरून उतरले आणि निसटले. कोट लोकांच्या हातात राहिला. डॉक्टरांनी खोकं उलटं करवलं, तेव्हा धोतऱ्याची सुकी काटेरी बोंडं घरंगळली. काय घडत होतं ते डॉक्टरांनी सगळ्यांना समजावून सांगितलं.

मग धर्मपाल बोलला. वर्गात खणखणणारा आवाज आज बसला होता. "मी नदीत देव सोडले आन बाटलीत भरून एक घरी घेऊन आलो. त्यानं देव म्हनला असता तं मी शंभर प्रश्न इचारले असते. व्हिटामिन म्हनला, म्हनून एकही इचारला नाई."

गर्दीतून एक बाई पुढे आली. तिच्याही कडेवर न बोलणारं लेकरू होतं. "मंग आमी काय द्याचं, डॉक्टरसाहेब?"

"बाई, याचं औषध आज माझ्याकडे नाही," डॉक्टर म्हणाले. "कोणी म्हणालं माझ्याकडे आहे, तर त्यात काय आहे ते विचारा. त्याने काय बिघडतं ते विचारा. आधी ज्यांना दिलं त्यांची घरं विचारा आणि स्वतः जाऊन बघा. सांगणारा कोणीही असो, कफनीवाला असो, कोटवाला असो, मी असो. उत्तर मिळेपर्यंत चमचा खाली ठेवा."

बाईने लेकरू खाली उतरवलं. तिने ओच्यातून बाटली काढली आणि बूच उघडून नालीकडे निघाली. तिच्यामागे आणखी चार बाया.

"थांबा वो!" पंचफुला ओरडली. "नालीत नका ओतू, शेळ्या पितीन. खड्डा करू." तिने माळ्याकडून कुदळ घेतली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "खना, गुरुजी. खोल खना."

मास्तरने धोतर खोचलं आणि भर बाजारात खणायला सुरुवात केली.